औटीबाईंचा गोल

मागच्या महिन्यात आम्हा शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून आलेल्या एका तरुण तज्ज्ञ मॅडमनी पडद्यावर जिना दाखवला. खालच्या पायरीवर लिहिलं होतं 'शिक्षेची भीती', त्याच्या वर 'लोक काय म्हणतील', त्याच्या वर 'नियम', आणि अगदी टोकाला 'स्वतःचा विवेक'. मूल वाढतं तसं ते एकेक पायरी चढत जातं, असं मॅडम म्हणाल्या. माझ्या शेजारचे गुरुजी मोबाईलवर क्रिकेट बघत होते. मी मात्र त्या जिन्याकडे बघत औटीबाईंच्या विचारात पडलो. बाई तिथे असत्या तर त्यांनी हात वर करून विचारलं असतं, "मॅडम, जिना सगळा चढतानाच दाखवलात. उतरणारं कुणी नाही का?"

बाई श्रावणात गेल्या. त्यांच्याबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण टाळत होतो. का टाळत होतो ते पुढे कळेलच.

डिंगोऱ्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एक वस्ती आहे. तिचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक होतो, बाई मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखाली नवा. बाई बुटक्या, आवाज घोगरा. ओतूरहून एसटीनं यायच्या आणि मग दोन किलोमीटर चालायच्या. काखेत बारा महिने छत्री. ऐन मे महिन्यात छत्री कशाला, असं विचारलं तर म्हणायच्या, "कुत्र्यांना." चहा कोरा प्यायच्या. वर्गात खुर्ची होती, पण ती खडू-डस्टर ठेवायला. स्वतः पोरांबरोबर खाली बसकरपट्टीवर मांडी घालून बसायच्या आणि उठताना शेजारच्या पोराच्या डोक्यावर हात टेकून उठायच्या. त्यामुळे बाईंच्या शेजारी बसायला धिप्पाड पोरांनाच परवानगी होती.

पोरं त्यांना मागून 'का-बाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं. मूल काहीही बोललं की त्या विचारायच्या, "का?" उत्तर बरोबर असलं तरी विचारायच्या. 'शाब्बास' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. "कारण सांग. नसेल सुचत तर 'माहीत नाही' म्हण, तेही चालतं. पण 'बाईंनी सांगितलं म्हणून' हे कारण आपल्या शाळेत चालत नाही." एक पालक तक्रार घेऊन आले होते. "बाई, आमचं प्वॉर घरी लई का-का करतंय. काल आज्याला इचारलं, तंबाखू का खाता? आजा जेवला न्हाई राव!" बाईंनी शांतपणे विचारलं, "का नाही जेवला?"

दरवर्षी शाळा सुटायच्या शेवटच्या दिवशी त्या प्रत्येक पोराला एकच गोष्ट सांगायच्या. एका मुलानं आईला मदत करताना टोमॅटोचं अख्खं क्रेट सांडलं. दुसऱ्यानं गुपचूप एकच टोमॅटो उचलला आणि शेजारच्यांच्या म्हशीच्या डोळ्यावर मारला. जास्त चूक कुणाची? पहिलीतली पोरं हमखास म्हणायची, क्रेटवाल्याची, केवढे टोमॅटो गेले! दुसरीतली चुळबुळ करायची. तिसरीत भांडणं लागायची. चौथीतली म्हणायची, "पहिल्याकडनं झालं, दुसऱ्यानं केलं." तेच पोर, तीच गोष्ट, आणि दरवर्षी वेगळं उत्तर. बाई ते ऐकताना डोळे मिटून घ्यायच्या. एका वर्षी पहिलीतल्या एका पठ्ठ्यानं सांगितलं, "बाई, टोमॅटोला भाव नसंल तर कोणाचीच न्हाई." बाई त्या दिवशी एसटीत बसेपर्यंत हसत होत्या.

पण बाईंची खरी ओळख म्हणजे गोल. शनिवारी शाळा सुटायच्या आधी व्हरांड्यात सगळ्यांनी गोल करून बसायचं. आठवड्यात ज्याच्याकडून काही चुकलं असेल त्यानं आपणहून उभं राहायचं आणि सांगायचं. मग बाकीच्यांनी बोलायचं, पण लहानांनी आधी. "मोठे बोलले की बारकी नुसती री ओढतात," बाई म्हणायच्या. आणि शेवटचा नियम असा, की उभं राहिलेल्यानं स्वतः बसायचं नाही. ज्याचं नुकसान झालं त्यानं 'बस' म्हटलं, की मगच बसायचं. शिक्षा एवढीच. वस्तीत याची भरपूर थट्टा व्हायची. मोटरीच्या पाण्यावरून दोन भाऊ भांडले की पारावरचं कुणीतरी म्हणायचं, "बाईंच्या गोलात उभं करा रे दोघांस्नी!"

त्या गोलात मीही उभा राहिलोय. पाण्याच्या टाकीचा नळ तुटला होता, आणि पहिलीतली ऋतुजा तिथेच पेला घेऊन उभी होती. मी तिला चांगली झापली. नंतर कळलं, नळ आदल्या दिवशीच वानरांनी तोडला होता. शनिवारी बाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी मी उठलो आणि सांगितलं. पहिली, दुसरी, सगळे बोलून झाले. आता ऋतुजानं 'बसा' म्हणायचं. ती दोन वेण्या हलवत विचार करत होती. मग म्हणाली, "सर, अजून थोडं उभं ऱ्हावा." वीस पोरं आणि एक मुख्याध्यापिका बघत असताना मी पाच मिनिटं उभा होतो. मग ती म्हणाली, "बसा आता. पाय दुखत असतील." आयुष्यात मला पुष्कळ मेमो मिळाले, पण या पाच मिनिटांनी जे केलं ते एकाही मेमोनं केलं नाही.

याच ऋतुजाची ही गोष्ट आहे, आणि बाईंचीही.

ती तिसरीत गेली त्या वर्षी वस्तीजवळच्या उसात बिबट्या दिसू लागला. आमच्या भागात हे नवं नाही. पोरांना घोळक्यानं शाळेत आणायचं, अंधार पडायच्या आत घरात घ्यायचं, हे आम्हाला सवयीचं झालंय. दोन कुत्री गेली, एक कालवड गेली, तेव्हा वनखात्यानं उसाच्या कडेला पिंजरा लावला. पिंजऱ्याला मागच्या बाजूनं एक जाळीचा कप्पा असतो. त्यात शेळी ठेवतात. बिबट्याला ती दिसते, पण मिळत नाही. शेळी वस्तीतल्याच एकाची होती, आणि तिला चारापाणी करायच्या पाळ्या घरोघरी लावल्या होत्या.

पिंजरा ऋतुजाच्या शाळेच्या वाटेवर होता. शेळी सकाळ-संध्याकाळ ओरडायची. तिसऱ्या दिवशी कप्प्याचं दार उघडं सापडलं आणि शेळी ओढ्याला चरताना दिसली. मालक म्हणाला, आता मी शेळी देणार नाही. दुसरी मिळेपर्यंत चार दिवस पिंजरा रिकामा राहिला. चौथ्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला भीमाआजी बांधावर वाकून गवत कापत होती. उसातून बिबट्या आला. आजी सापडली तेव्हा विळा तिच्या मुठीतच होता.

भीमाआजी शाळेच्या पोरांना ओंजळ-ओंजळ बोरं द्यायची. तिचा मुलगा रामदास, सुना-नातवंडं, सगळी वस्ती त्या रात्री जेवली नाही.

त्यानंतरचा शनिवार मला मिनिटा-मिनिटानं आठवतो. मी आत हजेरीपट भरत होतो. ऋतुजा बाईंजवळ आली आणि म्हणाली, "बाई, आज मला गोलात उभं ऱ्हायचंय."

"का?"

"शेळी मीच सोडली. रामदासमामा पेंडी टाकून गेलं, मंग मी कडी काढली. ती लई रडत व्हती बाई. तुमीच म्हनला व्हता ना, ज्याला बोलता येत न्हाई त्याच्यासाठी आपन काय तरी करायचं."

बाई असं म्हणाल्या होत्या. पावसाळ्यात पोरं बेडकांना दगड मारत होती तेव्हा म्हणाल्या होत्या. मी तिथेच होतो.

बाईंचा चेहरा मी बघितला आणि मान खाली घातली.  त्या दारात जाऊन मोठ्यानं ओरडल्या, "आज गोल नाही. शाळा सुटली. सगळे घरी!" पोरं हुर्रे करत पळाली. बाईंनी ऋतुजाला दोन्ही दंडांना धरलं. "हे कुणालाही सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही."

"का?" ऋतुजानं विचारलं.

व्हरांड्यात कुणी नव्हतं. भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं वाऱ्यानं फडफडत होती. बाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, "मी सांगते म्हणून."

ऋतुजानं बाईंकडे असं पाहिलं, जणू ही बाई आपल्या ओळखीचीच नाही. मग दप्तर उचलून गेली. बाई वळून मला म्हणाल्या, "तुम्हीही काही ऐकलं नाही." मी म्हणालो, "नाही." हा शब्द मी लगेच उच्चारला, आणि मला तेव्हा हायसं वाटलं, हे सांगितलंच पाहिजे.

आमच्याकडे दहाव्याला नदीवर सगळा गाव जमतो. प्रवचन होतं, चार पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. भीमाआजीच्या दहाव्याला भाषणं झाल्यावर रामदास एकदम उठला. सहा फुटी माणूस, टक्कल केलेला, लहान पोरासारखा रडत होता. "कोनाला दोष देऊ नका," तो म्हणाला. "त्या सकाळी पाळी मपली व्हती. शेळीला पेंडी टाकली अन् कडी लावायची ऱ्हायली. मपल्याच हातानं मी आईला घालवली."

बाया पदर डोळ्याला लावत होत्या. माझ्या पुढच्याच रांगेत बाई बसल्या होत्या. त्यांचा हात छत्रीच्या दांड्यावर आवळलेला मला दिसला, आणि खांदे जरासे पुढे झाले. त्या उठणार असं मला वाटलं. त्यांनी उठावं असं मला वाटत होतं, आणि उठू नये असंही. त्या उठल्या नाहीत. मीही उठलो नाही.

त्यानंतर शाळेत गोल भरला नाही. पहिल्या शनिवारी तपासणी होती, दुसऱ्या शनिवारी बाईंचा घसा बसला होता, मग पोरांनीच विचारणं सोडलं. क्रेटची गोष्टही बंद झाली. बाई शिकवत होत्या, परीक्षेत पोरं उत्तम होती. फक्त 'का?' हा शब्द शाळेतून गेला. वस्तीतल्या आयाबायांना बरंच वाटलं असेल.

रामदासला एक सवय लागली. कुठलंही दार लावलं की कडी दोनदा ओढून बघायची. गोठ्याची, घराची, दुसऱ्याच्या घराचीसुद्धा. बाजाराला निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून गाडी वळवून कडी बघायला परत यायचा. आधी लोक हळहळले, मग हसायला लागले. पोरं त्याला 'कडीमामा' म्हणायला लागली. ते ऐकलं की बाई वर्गाच्या खिडकीपासून दूर जायच्या.

निवृत्त झाल्यावर बाई कळंबला बहिणीकडे राहायला गेल्या. मी वर्षातून दोन-तीनदा जायचो. कोरा चहा व्हायचा. ऋतुजाही दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या आपल्या मावशीकडे आली की बाईंना भेटायला यायची. आणि बाई दरवर्षी तिला विचारायच्या, "आता काय वाटतं तुला?" क्रेटची गोष्ट संपली होती. त्या जागी आता ही गोष्ट आली होती, फक्त ती खरी होती.

बाईंनी मला तिची उत्तरं सांगितली आहेत, वर्षावर्षानं. आठ वर्षांची असताना ती म्हणाली होती, शेळी रडत होती, मग मी चांगलंच केलं ना? दहाव्या वर्षी म्हणाली, आजी माझ्यामुळे मेली. त्या वर्षी ती झोपेत ओरडून उठायची. तेराव्या वर्षी भांडली. बिबट्यानं मारलं, मी काय बिबट्याला बोलावलं होतं? पंधराव्या वर्षी ती आली, बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "बाई, तुम्ही मला वाचवलं नाही. तुम्ही स्वतःला वाचवलं." आणि मग तीन वर्षं आलीच नाही.

"चुकलं कुठे तिचं?" बाई मला म्हणाल्या. "गावानं पोरीला जगू दिलं नसतं, हे खरं. कुणी विचारलं असतं तर तेच मी सांगितलं असतं. पण गोलात तिनं पहिलं वाक्य काय सांगितलं असतं? 'बाई म्हणाल्या होत्या.' त्याची मला भीती वाटली, हेही खरं. शिक्षा होईल म्हणून गप्प बसणारं पोर पहिलीतलं असतं हो. मी सत्तावन्न वर्षांची होते." मी म्हटलं, बाई, जाऊ द्या, झालं ते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "का?" इतक्या वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला.

गेल्या दिवाळीनंतर बाईंचा फोन आला. "गाडी घेऊन या. ऋतुजा आली आहे." ती आता अवसरीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. वेण्या गेल्या होत्या, चष्मा आला होता. मी पोचलो तेव्हा दोघी तयार होऊन अंगणात उभ्या होत्या. बाईंच्या काखेत छत्री.

ऋतुजा म्हणाली, "सर, मी दोषी आहे का नाही, हा हिशेब मी पुष्कळ केला. तो सुटत नाही. पण परवा घरी गेले तेव्हा रामदासमामा आमच्या दारावरून चालले होते. थांबले, आमच्याच दाराची कडी ओढून बघितली आणि गेले. त्यांची कडी लावलेली होती सर. हे जगात फक्त आपल्या तिघांना माहिती आहे. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

 नारायणगाव गेलं, ओतूर गेलं. डिंगोऱ्याच्या पुढे गेल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "लहानांनी आधी." ऋतुजानं मान हलवली.

रामदास पडवीत बसून मक्याची कणसं सोलत होता. केस पांढरे झालेले. बाईंना बघून लगबगीनं उठला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. "बाई! लई दिसांनी. सर, या की आत." मी चपला काढायच्या निमित्तानं पायरीशीच रेंगाळलो. तो पुन्हा खाली बसला, बाईही टेकल्या, पण ऋतुजा बसली नाही. उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं. शेळीचं ओरडणं, पेंडी, कडी. एक शब्द गाळला नाही. घरातल्या भांड्यांचा आवाज थांबला.

रामदासनं कणसाचं एक पान सोललं. मग म्हणाला, "म्हंजी... कडी मी लावली व्हती?"

"हो मामा."

"पक्की लावली व्हती?"

"पक्की. मला दोन्ही हातांनी ओढावी लागली."

"लावली व्हती," तो बायकोकडे बघून म्हणाला. "आगं, मी कडी लावली व्हती." आणि हातातलं कणीस गालाला लावून रडायला लागला.

तेव्हा बाई उठल्या. या वेळी टेकायला कुणाचं डोकं नव्हतं, भिंतीला धरून उठल्या. म्हणाल्या, "रामदास, हिला मी गप्प बसवलं. मला त्याच दिवशी माहीत होतं. हिला दोष नाही, माझा आहे." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी पायरीवर होतो, बोललो असतो तर आत ऐकू गेलं असतं. मी बोललो नाही.

रामदासनं डोळे पुसले, ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू बस, पोरी. ल्हान व्हतीस. बस." ती खाली बसली आणि तोंड झाकून हुंदके देऊ लागली. रामदासची बायको तिला जवळ घेऊन बसली.

मग त्यानं बाईंकडे पाहिलं. त्याची धाकटी पोरगी आमच्याच शाळेत होती. गोल त्याला माहीत होता, सगळ्या वस्तीला माहीत होता. "बाई," तो म्हणाला, "दहाव्याला तुमी मपल्या समोरच बसल्या व्हत्या."

"हो," बाई म्हणाल्या.

 धारेची वेळ झाली होती. तो उठला, माझ्या अंगावरून पायरी उतरला आणि गोठ्यात गेला. आत ऋतुजा रडत होती, चहा उकळून चुलीवर सांडत होता आणि बाई होत्या तिथेच उभ्या होत्या. त्यांचे गुडघे दुखायचे, मला माहीत होतं. आत जाऊन त्यांच्या शेजारी उभं राहावं एवढंच करण्यासारखं होतं. मी चपलांकडे बघत राहिलो.

थोड्या वेळानं रामदास चरवी घेऊन गोठ्यातून बाहेर आला. त्यानं दार ओढलं, कडी घातली. एकदाच. मग वळला आणि मागं न बघता दूध घेऊन चुलीकडे गेला. बाई पडवीतून ते बघत होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, आणि आम्ही निघेपर्यंत त्या बसल्या नाहीत.